घरबसल्या गुप्तहेरांनो, तळेगावचं काय?

जानेवारी २०२३ मध्ये मी एक नकाशा बनवला होता. तो अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. त्यावर भीमा नदी निळ्या रेषेने दाखवली आहे, पारगावच्या पुलाला पिवळा ठिपका आहे आणि नदीच्या आमच्या बाजूला, म्हणजे शिरूर तालुक्याच्या अंगाला, एक लाल गोल आहे. त्या गोलाबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. आता लिहितोय, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी मला असाच एखादा नकाशा पाठवतं. कुठल्या तरी छोट्या गावातला न सुटलेला खून, त्यावर बाण, वर्तुळं, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतला एक चेहरा मोठा केलेला, आणि खाली शेकडो लोकांचा निकाल: हाच तो. पाठवणारा विचारतो, ‘तू इंजिनिअर आहेस, तुला काय वाटतं?’

मला काय वाटतं ते सांगतो. हा प्रकार ताबडतोब बंद झाला पाहिजे. मी हे बाहेर उभं राहून म्हणत नाही. मी त्यातला होतो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १८ जानेवारी २०२३ रोजी दौंड तालुक्यातल्या पारगावजवळ भीमेच्या पात्रात मासेमारी करणाऱ्यांना एका बाईचा मृतदेह दिसला. पुढच्या चार दिवसांत आणखी तीन सापडले. २४ तारखेला तीन लहान मुलांचे मृतदेह मिळाले. एकूण सात, सगळे एकाच कुटुंबातले: नवरा-बायको, मुलगी, जावई आणि तीन नातवंडं. कुटुंब मूळचं बीड जिल्ह्यातलं, पोटासाठी पारनेर तालुक्यातल्या निघोजला येऊन राहिलेलं. आधी बातमी आली की ही सामूहिक आत्महत्या आहे. मुलाने एका विवाहितेला पळवून नेलं, त्या बदनामीपायी बापाने हे पाऊल उचललं, असं कारणही सोबत आलं. एका दिवसात चित्र पालटलं. हा खून आहे असं पोलिसांनी जाहीर केलं आणि जवळच्या नात्यातल्याच पाच जणांना अटक केली. काही महिन्यांपूर्वी त्यांच्यातल्या एकाचा मुलगा अपघातात गेला होता. तो अपघात नव्हता, असा संशय धरून सूड उगवला, असं पोलिसांचं म्हणणं. ते सिद्ध होतं की नाही हे न्यायालय ठरवेल. म्हणून या लेखात कुणाचंही नाव नाही.

आमचं मांडवगण फराटा पारगावच्या खालच्या अंगाला, त्याच नदीवर आहे. मी तेव्हा नोकरीसाठी हिंजवडीला राहायचो, पण गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतो. १८ तारखेपासून तो ग्रुप रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागा राहू लागला. आधी गावातलेच बोलत होते. मग शिरूर, दौंड, श्रीगोंद्यातल्या इतर ग्रुपवरचे मेसेज फिरत आले, मग यूट्यूबवरच्या वाहिन्या आल्या. थिअरी पिकत होत्या. नरबळी, गुप्तधन, वाळूवाले, सावकार, प्रेमप्रकरण. प्रत्येक थिअरीला पुरावा होता. कुणाच्या मामाने रात्री एक गाडी पाहिली होती, कुणाच्या मेव्हण्याला पोलीस ठाण्यातल्या माणसाने ‘आतली गोष्ट’ सांगितली होती.

मला या सगळ्याचा राग यायचा. हे लोक अडाण्यासारखं बोलतायत, आपण शास्त्रशुद्ध पद्धतीने बघू, असं मला वाटलं. चौथा मृतदेह सापडल्याची बातमी आली त्या रात्री मी उपग्रह नकाशा उघडला. मृतदेह कुठे सापडले, कोणत्या क्रमाने सापडले, नदीचा वेग साधारण किती असेल हे धरून उलटा हिशेब केला, म्हणजे पाण्यात ते कुठून पडले असतील. नदीकडे उतरणारे रस्ते शोधले. सगळं मोजून एक गोल काढला, लाल रंगाचा, आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘शक्यता सर्वाधिक: या भागात.’ लोकांनी अंगठे दिले. ‘आपल्या गावचा सीआयडी,’ असं एकाने लिहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फारच बरं वाटलं.

त्या गोलात ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या.

मला ते माहीत नव्हतं. उपग्रहाचा फोटो उन्हाळ्यातला होता आणि कोप्या गळीत हंगामात पडतात. ग्रुपवरच्या कुणाला तरी मात्र माहीत होतं. अर्ध्या तासात मेसेज आला: ‘तिथं टोळी उतरलीय. बाहेरची माणसं आहेत. चौकशी करायला पाहिजे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली चार पोरं दोन मोटारसायकलींवर तिथे गेली. त्यांनी आधार कार्डं मागितली, बायाबापड्यांचे फोटो काढले. फोटो ग्रुपवर आले. एका फोटोत एक बाई पदराने तोंड झाकत होती, आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘तोंड का लपवते?’

मारहाण झाली नाही. मुकादम शहाणा होता. त्याने ट्रॅक्टरवर बिऱ्हाडं चढवली आणि टोळी दुसऱ्या गावाच्या शिवारात नेली. गेले ते बीडकडचे होते. नदीतून निघालेली माणसंही बीडकडचीच होती, मजुरीसाठी घर सोडून आलेली. मेलेल्या माणसांच्या सर्वांत जवळचे वाटावेत असे लोक आमच्या शिवारात होते, आणि संशय आम्ही नेमका त्यांच्यावर घेतला.

त्या शनिवारी गावी गेलो तेव्हा माझे चुलते तात्या ओट्यावर बसले होते. माझा नकाशा त्यांच्यापर्यंत पोचला होता. ते म्हणाले, ‘नदीचा वेग कुठनं काढलास?’ मी सांगायला लागलो. त्यांनी मधेच थांबवलं. ‘जानेवारीत नदीला वेग असतोय व्हय रं? बंधाऱ्याला ढापं टाकल्यात. ढापं टाकल्यावर पाणी कुठं हालतंय? जन्म गेला आमचा इथं, आम्हाला नदी वाहताना दिसंना, आन् तुला हिंजवडीतनं दिसली?’

हे मला माहीत असायला हवं होतं. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे बसतात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत भीमा ही एकामागे एक ठेवलेल्या तळ्यांची रांग असते. पाणी हलतं ते वरच्या धरणातून आवर्तन सुटलं तर, किंवा कुणी ढापे काढले तर. माझ्या गणितात वेग होता, पण नदीतलं पाणी जागचं हलत नव्हतं. मृतदेह ज्या क्रमाने सापडले त्यालाही मी अर्थ चिकटवला होता. तोही चूक. बुडालेलं शरीर वर येतं ते आत कुजताना वायू धरतो म्हणून. त्याला किती दिवस लागतील हे पाण्याच्या गारठ्यावर, खोलीवर, अंगावरच्या कपड्यांवर, शरीराच्या बांध्यावर, गाळावर आणि पाणवनस्पतीवर अवलंबून असतं. आधी सापडलेला आधी मेला असेलच असं नाही. नदीकाठचा कुठलाही कोळी-भोई हे सांगेल. मी त्यांच्यापैकी कुणाला विचारलं नव्हतं. मी स्क्रीनला विचारलं होतं.

०००

आता माझी चूक बाजूला ठेवू. एका इंजिनिअरचं गणित चुकलं म्हणून सगळा प्रकार वाईट, असा युक्तिवाद दुबळा आहे. गणित बरोबर आलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. कारण दोष गणिताच्या आधीचा आहे.

घरबसल्या गुप्तहेराजवळ काय असतं? जे बाहेर आलं ते. आणि खुनाच्या तपासात बाहेर येतं ते फार थोडं, बरंचसं अर्धवट, काही मुद्दाम सोडलेलं. बुडालेल्या माणसाबद्दलचा पहिला प्रश्न घ्या: पाण्यात पडताना तो जिवंत होता का? शवविच्छेदनात फुप्फुसं पाहतात, श्वासनलिकेतला फेस पाहतात. गरज पडली तर हाडातल्या मज्जेत डायटम शोधतात. हे नदीच्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. माणूस श्वास घेत असताना बुडाला तर ते रक्तावाटे हाडापर्यंत पोचतं, मेल्यावर टाकला तर सहसा पोचत नाही. व्हिसेरा राखून प्रयोगशाळेत पाठवतात, विष होतं का ते बघायला. याला दिवस लागतात, कधी महिने लागतात. या काळात बाहेरच्या माणसाजवळ या प्रश्नाचं उत्तर नसतंच. पण उत्तर नाही म्हणून तो गप्प बसत नाही. तो रिकामी जागा गोष्टीने भरतो. आणि गोष्टीला खलनायक लागतो.

त्यातून दुसरा दोष येतो. या खेळात कुणीच कधी हरत नाही. आत्महत्येची बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर चार जण म्हणाले, ‘आम्ही सांगितलंच होतं.’ खुनाची बातमी आली तेव्हा त्यांतलेच तिघं म्हणाले, ‘आम्ही सांगितलंच होतं.’ जी थिअरी कुठल्याही निकालाने खोटी ठरत नाही, ती थिअरी नाहीच, ती गप्पा आहे. गप्पांना माझी हरकत नाही. पारावर बसून लोक शेकडो वर्षं गप्पा मारत आलेत. पण पारावरची गप्प संध्याकाळी विरून जायची. ही गप्प फोटोसकट राहते, शोधली की सापडते, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्या पोराला दहा वर्षांनी शाळेत कुणीतरी दाखवते.

कुणी म्हणेल, पोलीसही चुकले की. पहिल्यांदा आत्महत्या म्हणाले. हो, चुकले. पण त्यांची चूक दुरुस्त झाली, कारण ती दुरुस्त होण्याची सोय होती. अकस्मात मृत्यूची नोंद करावी लागते, पंचनामा होतो, वैद्यकीय अहवाल येतो, वरच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, पुढे न्यायालयात आरोपीचा वकील त्याच कागदांवरून उलटतपासणी घेतो. ही यंत्रणा गंजलेली आहे, अनेकदा विकलेली असते, तरी तिच्यात ‘आमचं चुकलं’ म्हणायला एक रकाना आहे. आमच्या ग्रुपवर तो नव्हता. माझा लाल गोल मी दुसऱ्या दिवशी डिलीट केला. तोवर तो किती ग्रुपवर गेला होता हे मला आजही माहीत नाही. माफी कुणाकडे मागायची? मुकादमाचा नंबरही माझ्याकडे नव्हता.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. सर्व्हर बंद पडला की दुरुस्तीनंतर एक अहवाल लिहितात. त्याला आमच्याकडेही पोस्टमॉर्टेमच म्हणतात. चांगल्या टीममध्ये त्याचा पहिला नियम असतो: कुणा व्यक्तीचं नाव घ्यायचं नाही. काय घडलं, कधी घडलं, कोणती तपासणी असती तर टळलं असतं, एवढंच लिहायचं. कारण नाव सापडलं की माणसं शोध थांबवतात. दोन तास वेबसाइट बंद पडल्यावर आम्ही एवढी काळजी घेतो. सात माणसं मेल्यावर आम्ही सगळ्यांत आधी नाव शोधायला निघालो.

आमच्याकडे उसात बिबटे आहेत. बिबट्याने माणूस मारला की वनखातं पिंजरे लावतं. बिबट्या सापडला तरी हल्ला करणारा तोच का, हे ठशांवरून, नमुन्यांवरून तपासायचा प्रयत्न होतो, आणि तो व्हावा अशी अपेक्षा असते. बिबट्यालाही आपण संशयाचा फायदा देतो.

०००

‘पण आम्ही नुसतं बोलतो, मारायला थोडंच जातो?’ हा बचाव मी अनेकदा ऐकला आहे. मीही तो स्वतःशी केला आहे.

१ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ त्या दिवसांत महाराष्ट्रभर फिरत होते. देशभर फिरलेला त्यांतला एक व्हिडिओ तर कराचीतल्या, मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीतून कापलेला होता. त्या पाच जणांवर संशय घेतला गेला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जमावाने पाचही जणांना ठेचून मारलं. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांतला बहुतेक जण राईनपाड्याला कधी गेलाही नसेल. तोही नुसतं ‘सावध करत’ होता. आणि जमाव? तोही स्वतःला जमाव समजत नव्हता. कुठून आलात, कशाला आलात, असं तोही विचारत होता. तोसुद्धा त्याच्या लेखी तपासच करत होता.

आमच्या चार पोरांनी कोप्यांवर नेमके हेच प्रश्न विचारले होते. राईनपाडा आणि मांडवगण यांच्यात अंतर किती? एका शहाण्या मुकादमाएवढं.

हे फक्त आपल्याकडचं अडाणीपण आहे असं समजू नका. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा रेडिटवरच्या हजारो सुशिक्षित लोकांनी फोटो ताडून पाहिले आणि संशयित शोधून काढला: महिनाभरापूर्वी बेपत्ता झालेला, भारतीय वंशाचा एक विद्यार्थी. मुलाच्या शोधासाठी घरच्यांनी उघडलेल्या पानावर शिव्यांचा भडिमार झाला. खरे हल्लेखोर वेगळेच निघाले. काही दिवसांनी त्या मुलाचा मृतदेह प्रॉव्हिडन्सच्या नदीत सापडला. रेडिटच्या चालकांना जाहीर माफी मागावी लागली. आपल्याकडे तर तीही पद्धत नाही. जून २०२० मध्ये एका नटाचा मृत्यू झाला. त्यानंतर कित्येक महिने लाखो लोकांनी गळफासाच्या खुणा मोजल्या आणि एका तरुणीला खुनी ठरवलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. त्या लाखोंपैकी किती जणांनी ‘आमचं चुकलं’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलंत?

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. ‘लोक बोलले नाहीत तर पोलीस हलत नाहीत. मस्साजोग बघा.’ खरं आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. लोकांनी ते प्रकरण दाबू दिलं नाही, म्हणून ते मंत्र्याच्या राजीनाम्यापर्यंत पोचलं. पण तिथे काम कशाने केलं ते नीट बघा. गाव रस्त्यावर बसलं, स्वतःच्या नावाने बसलं. कुटुंबाने चेहरा न लपवता प्रश्न विचारले. मोर्चे निघाले. पत्रकारांनी कागद काढले. या सगळ्याला दबाव म्हणतात. दबाव म्हणजे ‘तपास करा’ म्हणणं. अंदाज म्हणजे ‘हाच आहे, धरा’ म्हणणं. त्याच प्रकरणात अंदाजही फिरत होतेच. डिसेंबरअखेर बातमी पसरली की तिघा फरार आरोपींचा खून झाला आहे. ४ जानेवारी २०२५ रोजी त्यांतले दोघं पुण्यात जिवंत पकडले गेले. दबावाने प्रकरण पुढे नेलं आणि अंदाजाने ते भरकटवलं, तरी श्रेय घ्यायला दोघंही एकाच रांगेत उभे असतात.

०००

आणि आता मूळ तक्रार. ही सगळी हौस जर खरोखर सत्यासाठी, न्यायासाठी असती, तर मी एवढं लिहिलंही नसतं. पण ती तशी नाही, हे सिद्ध करायला मला एकच गाव पुरेसं आहे: तळेगाव दाभाडे.

१३ जानेवारी २०१०. सकाळी फिरायला बाहेर पडलेल्या सतीश शेट्टी यांना तळेगावात भर रस्त्यात धारदार शस्त्रांनी मारलं गेलं. चाळिशीही न गाठलेला हा माणूस पोलीस नव्हता, वकील नव्हता, पत्रकार नव्हता. साधा नागरिक, हौशी तपासनीसच म्हणा. पण त्यांची पद्धत बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यावर मावळातल्या जमिनींना सोन्याचा भाव आला. कुणाची जमीन कुणाच्या नावावर कशी गेली, हे ते शोधत होते. कशातून? सातबाऱ्यातून, फेरफारातून, दुय्यम निबंधकाकडच्या दस्तांतून. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करायचे, नकला काढायचे, ताडून बघायचे आणि स्वतःच्या सहीने तक्रार द्यायचे. बनावट कागदपत्रांवरून जमिनी लाटल्याची अशीच एक तक्रार त्यांनी २००९ मध्ये दिली होती. धमक्या येत असल्याने पोलीस संरक्षणही मागितलं होतं. ते मिळालं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या खुनाची स्वतःहून दखल घेतली. तपास सीबीआयकडे गेला. २०१४ मध्ये सीबीआयने पुरेसा पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. पुढच्या वर्षी तपास पुन्हा उघडला, मधल्या काळात अटकाही झाल्या, आणि २०१८ मध्ये सीबीआयने दुसऱ्यांदा बंदचा अहवाल दिला. खुनाचा आरोप कुणावरही सिद्ध झाला नाही.

म्हणजे तुम्हाला हवं ते सगळं इथे आहे. छोटं गाव, भर सकाळी भर रस्त्यात खून, न सापडलेले मारेकरी, दोनदा बंद झालेला तपास, आणि वर एक गोष्ट जी दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात मिळत नाही: हेतूच्या दिशेने जाणारे सरकारी कागद, मागितले तर मिळणारे. मग कुठे आहेत बाण? कुठे आहेत लाल गोल? पारगावच्या सात मृतदेहांवर रात्र रात्र जागणाऱ्या माझ्या ग्रुपवर, तो पहिला मृतदेह सापडण्याच्या पाचच दिवस आधी, शेट्टींच्या खुनाला तेरा वर्षं पूर्ण झाली होती. त्याबद्दल एक ओळ आली नव्हती. मीही लिहिली नव्हती. तेव्हा मला त्यांचं नावसुद्धा नीट माहीत नव्हतं, आणि मी त्याच जिल्ह्यात वाढलो.

कारण उघड आहे. तळेगावच्या कागदांकडे बोट दाखवलं तर समोर वकील असलेली, ओळखी असलेली माणसं उभी राहू शकतात. कोप्यांकडे बोट दाखवलं तर कुणीच उभं राहत नाही. आपली सगळी शोधक बुद्धी उताराच्या दिशेनेच वाहते: ऊसतोड मजूर, भटका, परप्रांतीय, घटस्फोटित बाई, गरीब घरातला बेरोजगार भाऊ. यांच्यापैकी कुणी उलटून नोटीस पाठवणार नाही. ज्या शोधाची किंमत शोधणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही, त्याला शोध म्हणू नका. सतीश शेट्टींनी ज्याला शोध म्हटलं, त्याची किंमत काय असते ते आपण पाहिलं आहे.

तरीही कुणाला खरंच हात चालवायचे असतील तर काम पडलं आहे, आणि ते आपल्यासारख्या संगणकावर बसणाऱ्यांनाच जमण्यासारखं आहे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकरणं सोडून, एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. आपल्या ठाण्याचे टाकले जातात का, ते बघा. खटल्याची पुढची तारीख न्यायालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसते. किती तारखा पडल्या, का पडल्या, याचा तक्ता करा. न्यायालय खुलं असतं. एखाद दिवस रजा टाकून शिरूरच्या, दौंडच्या कोर्टात मागच्या बाकावर बसा. आपल्या भागातले किती व्हिसेरा अहवाल प्रलंबित आहेत, किती महिन्यांपासून आहेत, ते माहितीच्या अधिकारात विचारा. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. आपल्या जिल्ह्यात तिचा लाभ कितींना मिळाला, ते विचारा. यात थरार नाही, अंगठे मिळणार नाहीत, आपल्या गावचा सीआयडी म्हणून कुणी पाठ थोपटणार नाही. पण यात एकाही बाईला पदराने तोंड झाकावं लागणार नाही.

गेल्या महिन्यात मी पहिला अर्ज केला. व्हिसेरा अहवालांबद्दलचाच. एक पान, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. वरच्या कोपऱ्यात अर्जदाराचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहायचा असतो. लाल गोल टाकताना माझा हात जराही थांबला नव्हता. इथे पत्त्याच्या ओळीवर पेन बराच वेळ टेकून राहिलं. मग लिहिलं: मुक्काम पोस्ट मांडवगण फराटा, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.